टोपी नापास

माझ्या मुलीच्या डोक्यावर टोपी चढली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर चहा पीत बसलो होतो आणि मला कसलीही काळजी नव्हती. काळजी कशाची असणार? टोपी मीच बनवलेली, आणि मृण्मयी माझीच मुलगी. चहा थंड होता म्हणून मी शिपायाजवळ थोडी कुरकुर केली, एवढंच मला तोपर्यंतचं नीट आठवतं.

अर्ध्या तासाने ऑपरेटर बाहेर आला. मला ओळखत होता बिचारा. हातातला कागद त्याने मला दिला नाही, उलटा करून बाकावर ठेवला आणि म्हणाला की मशीन गरम झालं असावं, चाचणी परत घेतो. त्याने ती आणखी दोनदा घेतली. तिन्ही कागदांवर निकालाची ओळ एकच होती: ‘जमातीच्या बोलीचा आद्य ठसा आढळत नाही.’ ही ओळ मी स्वतः, खूप विचार करून, कोणाच्या मनाला लागू नये अशा सौम्य शब्दांत लिहिली होती. लोक तिला ‘टोपी नापास’ म्हणतात. टोपी नापास म्हणजे दावा खोटा, आणि दावा खोटा म्हणजे माणूस बोगस.

ज्यांच्या घरी ही भानगड कधी आली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे जमातीचा नुसता दाखला असून भागत नाही, त्याची व्हॅलिडिटी, म्हणजे तो पडताळून खरा ठरल्याचा शिक्का, लागते. पूर्वी ती ठरवायला जुने कागद बघत, आणि कागद अपुरे पडले की समोर बसवून प्रश्न विचारत. लग्नात पहिला मान कोणाचा, मयताच्या दिवशी काय शिजवतात, देव कोणता. मी अठराव्या वर्षी त्या खुर्चीवर बसलो आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेली आमची पोरं तिथे त-त-प-प करायची, आणि क्लास लावून आलेली बोगस पोरं धडाधड उत्तरं देऊन मोकळी व्हायची. माझ्या बरोबरच्या जालमला देवाचं नाव विचारलं. ते नाव आम्ही परक्या माणसापुढे उच्चारत नाही, म्हणून तो गप्प राहिला. गप्प राहिला म्हणून नापास झाला. त्याची जागा ज्याला मिळाली त्याने आमचा डोंगर नकाशातसुद्धा पाहिलेला नव्हता.

तो राग मी पंचवीस वर्षं सांभाळला. ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केली, मेंदू आणि श्रवण यावर काम केलं, आणि शेवटी ज्याचा क्लास लावता येणार नाही असा पुरावा शोधून काढला. आमच्या जमातीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. टोपी सगळ्यांनाच बसली, नाव घेऊन आपलीच तेवढी गोष्ट आहे असं कशाला भासवू?

शास्त्र अवघड नाही. आईच्या पोटात सातव्या महिन्यापासून बाळाला बाहेरचं ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, ते पोचतच नाहीत. पोचतो तो बोलण्याचा चढउतार, त्याची लय, बंद दाराआड दोन माणसं बोलत असल्यासारखी. मेंदूचा ऐकण्याचा भाग नेमका याच दिवसांत जुळत असतो, आणि जी लय कानावर पडते तिला धरून तो जुळतो. पुढे माणूस ती भाषा साफ विसरला तरी ती जुळणी राहते. मी निरनिराळ्या बोलींमधलं बोलणं घेतलं, त्यातून शब्द पुसून टाकले आणि नुसती गुणगुण ठेवली. ती गुणगुण कानात सोडायची आणि टोपीतल्या संवेदकांनी पहिल्या पाव सेकंदातला मेंदूचा प्रतिसाद टिपायचा. माणसाला खोटं बोलायला पाव सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. टोपीला तेवढंच भांडवल पुरतं.

सरकारने ती उचलली. चार वर्षांत हजारो चाचण्या झाल्या, बोगस लोकांची अक्षरशः पळापळ झाली. सरकारने सगळ्यांना टोपी घातली, असे विनोदही खूप झाले, आणि मला ते आवडायचे. नियम करताना एक कलम माझ्या शिफारशीवरून घातलं गेलं: वडिलांची जुनी व्हॅलिडिटी मुलांना आपोआप लागू होणार नाही. बोगस बापाची मुलंही बोगसच, असं मी त्या बैठकीत म्हणालो होतो. सगळ्यांना ते पटलं होतं.

मृण्मयीच्या कागदावर खाली आणखी दोन नोंदी होत्या. प्रमाण मराठी: ठसा अतिशय स्पष्ट. संस्कृत श्लोकपठण: ठसा स्पष्ट. ही दुसरी नोंद वाचताना ऑपरेटरला चुकून हसू आलं, आणि मग तो बराच वेळ माझ्याकडे बघेना.

घरी जाताना गाडीत मी एकटाच बोलत होतो, मृण्मयीशी. तिला मेडिकलला जायचं होतं, मार्कही होते, यादीत नावही लागलं होतं. सीट हातची जाईल याचं तिला दुःख असेल असं मी धरून चाललो होतो, आणि पुढच्या वर्षी खुल्या जागेतून प्रयत्न करू वगैरे तोंडातल्या तोंडात सांगत होतो. घराच्या कोपऱ्यावर तिने मला थांबवलं.

“बाबा, तुमची टोपी खोटं सांगते का?”

“नाही.”

“मग मी खोटं सांगते?”

मी गाडी लावली, आरसे मिटवले, आणि ती उतरून गेल्यावरही काच पुसत बसलो.

माझी बायको सुनंदा आमच्याच जमातीची, पण तिचे आईवडील दोघंही तालुक्याच्या गावी शिक्षक होते. बोली त्यांनी सुनंदाच्या जन्माआधीच सोडली. ती स्वतःही शाळेत शिकवते आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तिने कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली की यात आश्चर्य कसलं, पोटात असताना पोरीने तेवढंच तर ऐकलंय. तू रोज संध्याकाळी माझ्या पोटाला स्पीकर लावून बसायचास ना, गर्भसंस्काराचा.

खरं आहे. आमच्या सोसायटीत तेव्हा दर गरोदर बाईच्या पोटाला स्पीकर असायचा, आणि आपलं पोर कुठे कमी पडू नये म्हणून मी सगळ्यांत महागडा आणला होता. बारसं करताना नावही असं ठेवलं की माझ्या आईला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ती नातीला मुनी म्हणते.

“आई आल्या होत्या की तेव्हा,” सुनंदा म्हणाली. “त्या राहिल्या असत्या तर दिवसभर घरात तीच बोली चालली असती. तीन आठवड्यांत परत का गेल्या त्या?”

मी तिला तेच सांगितलं जे एकोणीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं: पाड्यावर पेरणीची कामं होती. आईला मात्र मी तेव्हा वेगळंच सांगितलं होतं. बाळाच्या कानावर एकच भाषा पडावी असं डॉक्टर म्हणतात, तुझ्या बोलण्याने गोंधळ होईल. असं कुठलाच डॉक्टर म्हणाला नव्हता. श्रवण हा माझा विषय, दोन भाषांनी बाळाचं काही बिघडत नाही हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. मला आईच्या बोलण्याची लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ती खिडकीत उभी राहून खालच्या रस्त्यावरच्या बकऱ्यांशीसुद्धा मोठ्याने बोलायची आणि समोरच्या गॅलऱ्यांमधली माणसं वळून बघायची.

नापास झालेल्यांच्या तक्रारींवर तज्ज्ञ म्हणून शेरा मीच लिहायचो. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन त्या जुन्या फायली काढल्या. खरं तर एकच फाईल काढायची होती, बाकीच्या आजूबाजूला ठेवायला म्हणून काढल्या. दोन वर्षांपूर्वी खुमानसिंग नावाचा एक बस कंडक्टर मुलाला घेऊन आला होता. मुलगा टोपी नापास. खुमानसिंग माझ्या टेबलाशी उभा राहून, खुर्ची देऊनही न बसता, सांगत होता: “साहेब, आश्रमशाळेत आमच्या बोलीत बोललं की मास्तर उन्हात उभं करायचे. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात हे बोलणं नको. आता पोरगं नापास म्हणता. त्यानं काय केलं?”

मी शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि तो गेल्यावर शेरा लिहिला होता: ‘पालकांचे विधान स्वहिताचे असून त्यास पुरावा नाही.’ खाली माझी झोकदार सही.

मला हे सुचलंच नव्हतं असं म्हणायची सोय नाही. टोपी तयार होत असताना माझी सहकारी रेवती हिने विचारलं होतं की सर, ज्या घरांनी बोलीच सोडली त्यांचं काय? मी म्हणालो, तसे अपवाद फार थोडे. मोजले होते का? नाही. मोजायचे तर पहिलं घर माझं मोजावं लागलं असतं. आठवडाभर मी रेवतीशी तुटक वागलो आणि तिने तो मुद्दा सोडून दिला.

अपिलाची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. साक्षीला घरातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस आणायचं होतं, म्हणून मी आईला आणायला पाड्यावर गेलो. आई, गिंबीबाई, आता ऐंशीच्या घरात आहे. डोळे अधू झालेत पण चालणं ताठ. मी तिला अंगणात बसवून सगळं समजावलं. टोपी म्हणजे काय ते तिला चटकन कळलं, मोठमोठ्या अधिकाऱ्यांना कळायला वेळ लागला होता. मुनीला खोटी ठरवतायत हे कळल्यावर ती उठली, पेटीतून चांगलं लुगडं काढलं आणि गाडीत जाऊन बसली.

घाट उतरताना ती माझ्याशी मराठीत बोलली. एकोणीस वर्षं ती माझ्याशी मराठीतच बोलते, मोडकंतोडकं. “मी सांगते त्यांना, मी रोज गात व्हती. पोटापाशी बसून गात व्हती. दोन महिने. म्हातारीचं कोण खोटं म्हणल?”

टोपी म्हणेल, हे मला माहीत होतं. तिथे तिला खोटं बोलू दिलं तर आधी पोरगी खोटी ठरली होती, आता आईही ठरणार. पण नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार होतं. मी खिडकीची काच वर केली आणि गाणी लावली. माझ्या भित्रेपणाला मी त्या दिवशी गाडी चालवण्यावर लक्ष देणं असं नाव दिलं होतं.

सुनावणी सकाळी अकराला होती. अपील समितीच्या अध्यक्ष घोगरेबाई निवृत्त न्यायाधीश, बारीक, पांढऱ्या केसांच्या, कोणाचंही बोलणं मध्ये न तोडणाऱ्या. शेजारी नाईक नावाचे सदस्य, त्यांचं बालपण आमच्या भागात गेलेलं. मृण्मयी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. सुनंदाला आत घेतलं नाही, अर्जदार, पालक आणि साक्षीदार एवढ्यांनाच परवानगी होती.

आईने ठरल्याप्रमाणे सांगितलं. पाठ केल्यासारखं, हात जोडून, मराठीत. रोज गात होते, दोन महिने. घोगरेबाईंनी ते लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

“डॉक्टर, तुमची टोपी म्हणते या मुलीच्या कानावर ती बोली पडलीच नाही. तुमच्या आई म्हणतात रोज पडली. आपण पालक आहात आणि तज्ज्ञही आहात. कोणाचं खरं?”

टोपी चुकली असं मी म्हणू शकलो असतो. तसं म्हणायचा मोह मला झाला, तो नाकारत नाही. उपकरण आहे, चुकतं. आईही वाचली असती, मीही.

“टोपीचं खरं आहे,” मी म्हणालो. “आणि माझ्या मुलीचा दावाही खरा आहे.”

त्यांनी मला ते नीट सांगायला लावलं. मी सांगितलं. टोपी ‘हो’ म्हणाली तर त्या माणसाने ती बोली ऐकली आहे, यात शंका नाही. टोपी ‘नाही’ म्हणाली तर त्याने ती ठसा उमटण्याइतकी ऐकलेली नाही, यातही शंका नाही. पण ऐकली नाही म्हणजे तो त्या जमातीचा नाही, ही उडी टोपी मारत नाही. ती उडी मी मारली. अहवालातली ती एक ओळ दावा फेटाळायला पुरेशी धरली, आणि चार वर्षं तिच्याखाली सह्या केल्या.

“मग तुमच्या घरात बोली का नव्हती?”

“आम्ही बंद केली.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“मी.”

मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत राहिलो.

घोगरेबाईंनी समोरच्या गठ्ठ्यातून एक कागद काढला. त्यांची तयारी माझ्यापेक्षा चांगली होती. “‘पालकांचे विधान स्वहिताचे असून त्यास पुरावा नाही.’ हे कोणी लिहिलंय?”

“मी.”

“तुमचं आजचं विधानही स्वहिताचंच आहे. त्या कंडक्टरचं मानलं नाही, मग तुमचं का मानू?”

“मानायला कारण नाही,” मी म्हणालो. मग त्या आईकडे वळल्या आणि एकदम वेगळ्या, मऊ आवाजात म्हणाल्या, “आजी, तुम्ही मराठीत सांगितलंत ते मी लिहिलं. आता तेच तुमच्या स्वतःच्या बोलीत सांगा. जे खरं झालं ते.”

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

ती माझी परवानगी मागत होती. भर सभेत, ऐंशी वर्षांची बाई, स्वतःच्या भाषेत बोलू का म्हणून स्वतःच्या पोराला डोळ्यांनी विचारत होती. घोगरेबाईंनी ते पाहिलं, नाईकांनी पाहिलं, मृण्मयीनेही पाहिलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी मान हलवली.

दुभाष्या आला नव्हता. नाईक म्हणाले की मला बोली अर्धीमुर्धी कळते, डॉक्टरांनीच भाषांतर करावं, रेकॉर्डिंग होतंय, काही गाळलं तर नंतर पकडलं जाईल. घोगरेबाईंनी मला बजावलं की दुभाष्या ‘ती म्हणते’ असं म्हणत नाही, ‘मी’ म्हणतो. जसंच्या तसं.

आई बोलू लागली. पहिली दोनतीन वाक्यं चाचपडत, आणि मग सुरळीत. हा आवाज मी विसरलो होतो. मराठीत ती एक थकलेली, चुकत बोलणारी म्हातारी असते. आपल्या बोलीत ती तशी नव्हती. ती थांबायची, मी भाषांतर करायचो, ती पुढे जायची.

“मी गायले नाही,” मी म्हणालो. “मघाशी सांगितलं ते खोटं. मी तिथे तीन आठवडे होते, आणि त्यातले पहिले दहा दिवसच मोकळेपणी बोलले.”

“का?” घोगरेबाईंनी विचारलं.

आईने सांगायला सुरुवात केली आणि मी तिथेच थांबलो. पुढे काय येतंय ते मला कळलं होतं. हे मी सुनंदाला कधी सांगितलं नाही, मुलीला नाही, आणि एवढं सगळं लिहिताना तुम्हालाही सांगितलेलं नाही. नाईक माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की मी अडलोय.

“समोरच्या घरातली एक बाई दारात आली,” मी म्हणालो. “तिने माझं बोलणं ऐकलं होतं. तिने माझ्या मुलाला विचारलं, नवीन कामवाली ठेवलीत का, कुठल्या भाषेत बोलते? मुलगा ‘हो’ म्हणाला. मी मागे स्वयंपाकघराच्या दारातच होते. मला तेवढं मराठी कळत होतं.”

मृण्मयीचा हात खुर्चीच्या दांड्यावर, माझ्या हाताजवळ होता. तो तिने उचलून मांडीवर घेतला.

मला वाटलं संपलं. हे मला माहीत होतं, हे मी एकोणीस वर्षं गिळून बसलो होतो, आणि आता ते बाहेर आलं. पण आई थांबली नाही. ती आणखी काही सांगत होती, घोगरेबाईंकडे बघून, अगदी साधेपणाने, बाजाराला गेल्याची हकिगत सांगावी तसं. ते मला माहीत नव्हतं. भाषांतर करताना मी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

“दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर ती बाई परत आली. म्हणाली, माझी बाई आली नाही, भांडी घासून देशील का. मी नाही म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की मी कामवाली नाही. मुलगा खोटा पडला असता. म्हणून मी जाऊन घासली. मग रोजच बोलवायची. मी रोज जायचे. तिथे मी तोंड उघडायचे नाही, आणि घरीही मग सवय राहिली नाही.”

घोगरेबाईंचं पेन थांबलं होतं. नाईकांनी हळूच सांगितलं की भाषांतर बरोबर आहे, काही गाळलेलं नाही.

“हे तुम्हाला माहीत होतं?” घोगरेबाईंनी मला विचारलं.

“पहिलं माहीत होतं. भांड्यांचं नाही.”

त्यांनी बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते नंतर निकालात वाचायला मिळालं. त्यात होतं की साक्षीदाराने बोलण्यापूर्वी मुलाकडे पाहिले, आणि ज्या घरात बोली लाजेने बंद झाली त्या घरात ती होती हे यावरून समितीस पुरेसे स्पष्ट झाले. त्यांनी मला तिथेच एक निवेदन लिहून द्यायला सांगितलं: टोपीचं ‘नाही’ हा पुरावा धरू नये. मी ते लिहिलं आणि खाली सही केली, या वेळी साधी. मृण्मयीचा दावा वैध ठरला. त्या एका कागदाने तीनशे एक्केचाळीस फायली परत उघडल्या, त्यात खुमानसिंगच्या मुलाची पहिली. त्यातले काही जण खरोखरच बोगस असणार आणि आता तेही सुटणार, हे मला कळतं. अशांमुळे जागा गमावणाऱ्या जालमसारख्यांचं काय, हा प्रश्न परत होता तिथेच आला. खुमानसिंगला मी पत्र लिहिलं. त्याने ते उघडलं की नाही मला ठाऊक नाही.

बाहेर जिन्यापाशी माणसांची गर्दी होती, पुढच्या सुनावणीची. आई भिंतीला टेकून चपलेत पाय घालत होती. मृण्मयी तिच्याशेजारी वाकून उभी राहिली, चपलेचा पट्टा सरळ केला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिला विचारा, किती दिवस?”

“काय किती दिवस?”

“भांडी. किती दिवस घासली ते विचारा. मला तिच्या भाषेत विचारता येत नाही.”

मराठीत विचारलं असतं तरी आईला कळलं असतं. मृण्मयीलाही ते माहीत होतं. मी त्या गर्दीत उभा राहून, मोठ्याने, आमच्या बोलीत आईला विचारलं. जीभ दोनदा अडखळली. दोनचार माणसांनी वळून पाहिलं. आईने पुटपुटत बोटांवर मोजलं आणि मला सांगितलं: तू मला बसमध्ये बसवून दिलंस त्या सकाळपर्यंत.

“अकरा दिवस,” मी मृण्मयीला म्हणालो.

तिने मान हलवली, आजीचा हात धरला आणि दोघी माझ्यापुढे जिना उतरू लागल्या.